धुक्याची पेटी आणि डाळिंबाचें कूळ

मंडळाच्या गेल्या बैठकींत डाळिंबाचीं रोपें कोठून आणावीं हा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणें चहा येईपर्यंत संपलाहि. कोणी अमुक रोपवाटिकेचें नांव घेतलें, कोणी म्हणाले कीं तमुक गाडीवाला दारांत आणून देतो व स्वस्त देतो. रोप कोणत्या झाडाचें, हें मात्र एकानेंहि विचारलें नाहीं. आम्हीं उभें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत घालविलें. गुंठाभर जमिनीचा फेरफार नोंदवावयाचा झाला तरी ती कोणाकडून कोणाकडे आली याचा कागद आम्ही मागत असूं. आणि ज्या झाडावर पुढील दहा-पंधरा वर्षांचा संसार उभा राहावयाचा, त्याला ना सातबारा ना फेरफार!

आमचें मत असें आहे कीं, डाळिंबाचें रोप आपल्या डोळ्यांदेखत वाढलेल्या निरोगी झाडापासून आपणच करावें. आणि त्यासाठीं घरीं बनवितां येणारी धुक्याची पेटी आतां सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यांत आली आहे. मात्र या पेटीविषयीं तरुण मंडळींत जो उत्साह दिसतो, त्यास थोडा लगाम घालणेंहि जरूर आहे. दोन्ही गोष्टी सांगतों.

हें बोलण्याचा अधिकार आम्हांस पैसे भरून मिळाला आहे. नोकरींत असतांनाच संगमनेर तालुक्यांतील आमच्या दीड एकरांत आम्हीं भगव्याची बाग लावली. रोपें तजेलदार, पिशव्या भरलेल्या, दर वाजवी. दोन वर्षें बाग अशी वाढली कीं रस्त्यानें जाणारा थांबून पाही. तिसऱ्या पावसाळ्यांत पानांवर तेलकट ठिपके उठले. पुढें फळांवर काळे डाग येऊन त्यांना इंग्रजी एल् किंवा वाय् अक्षरांसारख्या भेगा पडल्या. दोन हंगाम फवारण्यांत गेले. शेवटीं झाडें मुळासकट काढून पेटवून दिलीं आणि सोसायटीचे हप्ते मात्र पगारांतून फेडीत राहिलों. रोपें देणाऱ्यास दोष देण्यांत आतां अर्थ नाहीं. त्यालाहि बहुधा आपल्या काड्या कोठल्या हें ठाऊक नसावें.

हा तेल्या झँथोमोनास नांवाच्या जिवाणूमुळें होतो. आपल्या देशांत त्याची पहिली नोंद १९५२ सालीं दिल्लीस झाली. या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यानें महाराष्ट्रांतील बागांच्या बागा बसविल्या. सोलापूर येथें २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघालें, तेथील शास्त्रज्ञ प्रथमपासून एकच सांगत आले आहेत कीं लागवडीचें रोप रोगमुक्त असलें पाहिजे. रोगट फांदीच्या सालींत व डोळ्यांत हा जिवाणू दडून राहतो आणि रोपाबरोबर गाडींत बसून तालुका ओलांडतो. बागेंत शिरल्यावर पावसाचे उडणारे थेंब, वारा आणि आपलीच छाटणीची कात्री त्याचें पुढचें काम करतात.

डाळिंब बियांपासून लावलें तर जात टिकत नाहीं. पुण्याच्या गणेशखिंड बागेंत डॉ. चीमा यांनीं १९३६ मध्यें निवडलेला ‘गणेश’ काय, किंवा त्याचा गुल-ए-शाह रेड या जातीशीं संकर करून राहुरीच्या कृषि विद्यापीठानें दिलेला ‘भगवा’ काय, दोन्ही जाती फांदीवाटेच पुढें जातात. आपल्याकडे चालत आलेली रीत गुटी कलमाची. ती उत्तम, पण पावसाळ्याच्या ओल्या हवेंत बांधावी लागते, आणि नेमका तोच तेल्याचा हंगाम. शिवाय एका झाडावर गुट्या तरी किती बांधणार? निरोगी झाडें गांवांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं असतांना थोड्या झाडांपासून पुष्कळ रोपें होणें हाच खरा प्रश्न आहे.

यावर उपाय पानांसह घेतलेल्या अर्धपक्व काडीचा. काडीवर पान असलें म्हणजे तें अन्न तयार करतें व मुळ्या फुटण्यास मदत करतें. पण तेंच पान तिचा जीवहि घेतें. पानांतून पाणी उडत राहतें आणि खालीं मूळ नसल्यामुळें भरपाई होत नाहीं. माघ-फाल्गुनांत, जेव्हां आपल्या कोरड्या हवेनें तेल्याचा जोर ओसरलेला असतो व काडी घेण्यास त्यांतल्या त्यांत निर्धोक असते, तेव्हांच दुपारची हवा अशी शुष्क होते कीं उघड्यावर ठेवलेली काडी संध्याकाळपर्यंत मान टाकते. फवाऱ्याखालीं कलमें रुजविण्याचे पहिले प्रयोग परदेशांत १९४० च्या आसपास प्रसिद्ध झाले. पण फवाऱ्याचा थेंब जड. तो पानावरून ओघळून वाळू चिकचिकीत करतो, काडीचा बुडखा कुजतो, आणि एका पानावरचा थेंब दुसऱ्यावर उडून रोगहि पसरवितो. धुक्याचा कण केसाच्या जाडीहून कितीतरी पटींनीं बारीक असतो. तो हवेंत तरंगत राहतो, हवा ओली ठेवतो, वाळू फारशी भिजवीत नाहीं. थोडक्यांत, फाल्गुनांत आर्द्रा नक्षत्राची हवा, तीहि पावसाच्या शिंतोड्यांवांचून.

आमच्या पुतण्यानें ही पेटी बांधली. त्याची कृति सांगतों. घराच्या उत्तरेस सावलींत चार फूट लांब व अडीच फूट रुंद-उंच असा प्लॅस्टिकच्या नळ्यांचा सांगाडा करून त्यावर पारदर्शक कागद ओढला व वरून शेडनेट घातली. उन्हांत पेटी ठेवूं नये. आंत काड्या शिजतात, हें आम्हीं पहिल्याच आठवड्यांत पाहिलें. आंत तापमापक टांगावा आणि पारा पस्तिशीपुढें गेला कीं कागदाची एक बाजू उचलावी. धुकें करणारी चकती बाजारांत २४ व्होल्टच्या अडॅप्टरसह मिळते. ती सेकंदास सुमारें सतरा लाख वेळां कंप पावते व पाण्याचा थर फोडून त्याचे कण उडविते. झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रमांत ही चकती थर्मोकोलच्या तरंगत्या तुकड्याला अडकवावी, म्हणजे पाणी खालीं गेलें तरी तिच्यावर चार-पांच सेंटिमीटरच पाणी राहतें. कोरडी चालली तर ती जळते. झाकणावर जुन्या संगणकाचा लहान पंखा असा बसवावा कीं तो बाहेरची कोरडी हवा ड्रमांत ढकलील. धुकें ओढून घेण्यास लावला तर चार दिवसांत गंजून बसतो. दुसऱ्या भोकांतून तीन इंची नळी पेटींत न्यावी व तिला ड्रमाकडे किंचित् उतार द्यावा, म्हणजे आंत जमलेलें पाणी परत ड्रमांत येतें. अडॅप्टर पाण्यापासून दूर, उंच भिंतीवर असावा आणि ड्रमांत हात घालण्यापूर्वीं बटण बंद करावें.

काड्या लावण्यास टोमॅटोचे रिकामे क्रेट चालतात. आमच्या भागांत त्यांना तोटा नाहीं. तळाशीं गोणपाट, वर धुतलेली वाळू व कोकोपीट समभाग. माती घालूं नये. काडी पेन्सिलीहून किंचित् बारीक, चार-पांच डोळ्यांची; वरचीं तीन-चार पानें ठेवून बाकीचीं काढावीं. एक ग्रॅम आयबीए संजीवक पाव लिटर स्पिरिटांत विरघळवून तितकेंच पाणी घालावें व त्यांत बुडखा पांच सेकंद बुडवून लगेच लावावा. दिवसा धुकें पंधरा मिनिटें चालू व पंधरा बंद, भर दुपारीं अखंड, रात्रीं अजिबात नाहीं. महिन्याभरांत मुळ्या दिसूं लागतात. त्यानंतरचे पंधरा दिवस अधिक जोखमीचे: धुकें हळूहळू कमी करीत काडीला बाहेरच्या हवेची सवय लावावी लागते. एका सकाळीं मुळ्या पाहून हर्षानें क्रेट बाहेर अंगणांत मांडला, तो संध्याकाळीं त्यांतील निम्म्याहून अधिक रोपें सुकलीं होतीं. हर्ष आमचा होता, पुतण्याचा नव्हे.

पाण्याविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण येथेंच आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळांची पेटी बंद पडेल. आपल्या विहिरींचें व बोअरचें पाणी क्षारांचें. तें धुक्यांतून उडालें कीं पानांवर पांढरी भुकटी बसते, पान गुदमरतें, आणि चकतीवर खापरी धरून धुकें दिवसेंदिवस विरळ होतें. आठवड्यास लिंबाच्या रसानें चकती पुसावी (श्रीगोंद्याकडील सभासदांस लिंबाची अडचण पडूं नये). पण खरा उपाय पावसाचें पाणी. पत्र्याच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. एक चकती तासास पाव ते अर्धा लिटरच पाणी उडविते, म्हणजे दोन महिन्यांस दोनशें लिटरचे एक-दोन झांकलेले ड्रम पुरतात. परतीच्या पावसांत गोठ्याच्या पत्र्याखालीं ते भरून ठेवले कीं झालें. घरच्या मंडळींस हा हिशेब पटला नव्हता. पिण्याचा टँकर यावयाचा त्या दिवसांत आम्ही काड्यांसाठीं पाणी कुलुपांत ठेवतों, असें त्या शेजारणींस सांगत. विजेचें म्हणाल तर चकती व पंखा मिळून लहानशा दिव्याइतकीच वीज घेतात, पण दुपारची दोन तासांची खोटीहि काड्यांस सोसत नाहीं. म्हणून पेटी शेतपंपाच्या लाइनीवर न ठेवतां घरच्या लाइनीवर ठेवावी, आणि वीज गेल्यास पानांवर ओलें पातळ फडकें पसरण्यास कोणीतरी घरीं असावें.

आतां लगाम घालण्याची गोष्ट. दुसऱ्या खेपेस आम्हीं एका नातलगाच्या बागेंतून काड्या आणल्या. बाग हिरवीगार, फाल्गुन महिना, पानावर एक डाग नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत पुतण्या सकाळींच हांक मारूं लागला, “तात्या, चष्मा घेऊन या.” एका कोपऱ्यांतील चार काड्यांच्या पानांवर तेच तेलकट ठिपके! आठ दिवसांत क्रेट गेला, पंधरा दिवसांत पेटी. तेल्यास ऊब व ओलावा हवा असतो आणि आम्हीं त्याला दोन्ही विजेचें बिल भरून पुरविलीं होतीं. सर्व काड्या जाळल्या, वाळू टाकून दिली, पेटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुतली. नातलगांस कळविलें तेव्हां ते रागावले; त्यांच्या बागेची बदनामी आम्ही करीत आहों असें त्यांस वाटलें. पुढच्या पावसाळ्यांत त्यांच्या बागेंत काय झालें तें लिहून त्यांचें दुःख वाढविण्याची इच्छा नाहीं.

यावरून पेटी टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. जें आम्हांस पूर्वीं तिसऱ्या पावसाळ्यांत, दीड एकरांत कळलें, तें येथें तिसऱ्या आठवड्यांत, एका क्रेटांत कळलें. पेटींत डाग आला नाहीं म्हणजे रोप निर्दोष ठरलें असें मात्र मुळींच समजूं नये. पेटी आरोग्य देत नाहीं. झाडांत जें असेल त्याच्या नकला करते. दोघांच्या बागेंतील काड्या एका पेटींत कधीं घालूं नयेत, आणि दर झाडागणिक कात्री निर्जंतुक करावी.

आणखी एक. अंजीर, तुती, द्राक्षाच्या काड्या हिवाळ्यांत पानांवांचून साध्या वाफ्यांत रुजतात; त्यांस पेटी लागत नाहीं. डाळिंबाचीहि पक्व काडी कांहीं प्रमाणांत तशी रुजते. उलट पेरूची काडी या पेटींतहि रुसून बसते; राहात्याकडील मित्रांनीं त्या भरीस न पडतां आपलीं भेट कलमें व दाब कलमें चालूं ठेवावीं. सगळ्या रोगांवर एकच मात्रा देणारा वैद्य आम्हांस कधींच आवडला नाहीं.

ऊतिसंवर्धित रोपें मिळत असतां हा खटाटोप कशाला, असें बैठकींत विचारलें गेलें. तीं रोपें चांगलीं, पण एकरभर घेण्याची सर्वांची ऐपत नसते. मंडळानें त्यांतील दहा रोपें घ्यावीं, एखाद्या सभासदाच्या बांदिस्त व इतर बागांपासून दूरच्या जागीं लावावीं, त्यांवर बहार धरूं नये आणि तीं केवळ काड्यांसाठीं राखावीं. तीं मोठीं होईपर्यंत सभासदांच्या जुन्या निरोगी झाडांची एक नोंदवही असावी: झाड कोणाचें, गट क्रमांक, जात, वय, कोठून आलें. पीकपाहणी जशी बांधावर जाऊन करावयाची असते (आम्हीं ती नेहमीच बांधावर जाऊन केली असें शपथेवर सांगवणार नाहीं), तशी या झाडांची पाहणी भर पावसाळ्यांत, रोग दिसण्याच्या दिवसांत, दोनदां व्हावी. जें झाड व ज्याच्या सभोंवारची बाग दोन्ही पाहण्यांत स्वच्छ निघेल, त्याच्याच काड्या पुढील माघांत पेटींत जाव्या. मालकाच्या भिडेनें शेरा लिहूं नये, म्हणून पाहणारे दोघे परगांवचे असावे. रोपें सभासदांच्या स्वतःच्या लागवडीपुरतींच करावीं; विक्री करावयाची तर फळरोपवाटिकांसाठीं १९६९ चा कायदा आहे व परवाना लागतो.

पेटीस लागणारें साहित्य आमच्याकडे पाहावयास मिळेल. रविवारीं सकाळीं कोणीहि यावें. ज्या सभासदांच्या बागेंत पांच वर्षांवरील, आजवर तेल्या न आलेलीं झाडें असतील त्यांनीं गट क्रमांक व झाडाची ओळ लिहून श्रावणापूर्वीं चिटणिसांकडे द्यावी. पहिली पाहणी श्रावणांत व दुसरी हस्त नक्षत्रांत करण्याचें योजिलें असून नोंदवही लिहिण्याचें काम आम्हीं पत्करलें आहे.