उत्साहाच्या मुखवट्याआडचे व्यसन

व्यसनी माणसाचे एक ठरीव चित्र मराठी मध्यमवर्गाच्या मनात घर करून बसले आहे. झोकांड्या खात दारात येणारा मद्यपी हे त्यातील जुने रूप. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा फैलाव झाला, तेव्हा त्यात खंगलेल्या, पेंगुळलेल्या तरुणाची भर पडली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते याच संकटाच्या पार्श्वभूमीवर. कोकेनच्या संदर्भात मात्र हे परिचित चित्र दिशाभूल करणारे ठरते. कोकेन घेणारा पेंगत नाही. प्रारंभी तरी तो अधिक तरतरीत, अधिक बोलका आणि आत्मविश्वासाने ओसंडणारा दिसतो. घरची माणसे ज्याला मुलाची कर्तबगारी समजून मनोमन सुखावतात, ते एखाद्या वेळी विनाशाचे पहिले पाऊल असू शकते. या व्यसनाचे खरे भय या फसवेपणात आहे.

हे द्रव्य आपल्याकडे सर्वस्वी नवे आहे, असेही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात कोकाची पाने चघळण्याची प्रथा प्राचीन आहे. त्या पानांतील सत्त्व १८६० च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट नीमान यांनी वेगळे केले आणि १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बधिरता आणण्यासाठी त्याचा उपयोग दाखवून दिला. औषध म्हणून जगभर पोचलेला हाच पदार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्ता आणि मुंबई येथे विड्यातून खाल्ला जात होता. आज तो विड्यातून उठून मेजवान्यांत जाऊन बसला आहे, एवढाच फरक. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावाशेवा बंदरात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या फळांच्या कंटेनरमधून सुमारे ५० किलो कोकेन पकडले गेले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील कोकेन घेणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. मद्य, गांजा वा अफूजन्य पदार्थांच्या मानाने ही संख्या अल्प आहे. परंतु अल्प म्हणून ती दुर्लक्षणीय ठरत नाही.

खुणा कोणत्या?

कोकेन मेंदूतील डोपामाइनसारख्या रसायनांचे पुनःशोषण रोखते. आनंदाची जी लाट एरवी क्षणात ओसरली असती, ती तुंबून राहते. नाकावाटे ओढलेल्या कोकेनचा अंमल साधारणपणे अर्धा तासही टिकत नाही. म्हणून एकाच रात्री पुन्हा पुन्हा ते घेण्याची ओढ लागते. या अवधीत डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. भूक आणि झोप दोन्ही पळतात. अंमल उतरला की त्याची भरपाई सुरू होते. दिवसभराची गाढ झोप, अनावर भूक, चिडचिड आणि खिन्नता असा हा उतार असतो. नित्य सेवनाने नाक सतत वाहते, घोळणा फुटतो आणि पुढे नाकपुड्यांमधील पडद्याला भोकही पडू शकते. वजन उतरते, पैशांचा हिशेब लागत नाही, जुने मित्र तुटतात. अखेरीस संशयाचे भूत मानगुटीवर बसते. कातडीखाली किडे वळवळत असल्याचा भासही काहींना होतो.

तथापि खूण म्हणजे पुरावा नव्हे. नाक सर्दीनेही वाहते, वजन थायरॉइडच्या विकारानेही घटते आणि झोप तर परीक्षेच्या धास्तीनेही उडते. एकट्यादुकट्या लक्षणावरून मुलाच्या खोलीची झडती घेणारा बाप व्यसन पकडीलच असे नाही. विश्वास मात्र निश्चित गमावील. पाहावयाचे असते ते बदलाचे आवर्तन. रात्रभरचा उत्साह आणि नंतरची मरगळ ही जोडी पुन्हापुन्हा दिसू लागली, म्हणजे शांतपणे विचारण्याची वेळ आली असे समजावे.

छातीतील कळ

या विषयात विलंब जीवघेणा ठरू शकतो. कोकेनने हृदयाची प्राणवायूची गरज वाढते आणि त्याच वेळी हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या आकुंचन पावतात. सेवनानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पटींनी वाढत असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात आढळले. सोबत मद्य घेतल्यास यकृतात कोकाइथिलीन हे अधिक काळ टिकणारे विषारी द्रव्य तयार होते. तेव्हा विशी-पंचविशीतील तरुणाने छातीत कळ आल्याची तक्रार केली, तर तिला पित्त म्हणून सोड्यावर भागविणे धोक्याचे आहे. त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना खरे सांगावे. कारण काय घेतले आहे यावर उपचारांची निवड अवलंबून असते.

भीतीचा अडसर

पण खरे सांगणार कोण? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ अन्वये कोकेनच्या नुसत्या सेवनालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, वीस हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. पोलीस, वर्तमानपत्रे आणि नातलग या तिघांच्या धास्तीने घरे दारे लावून घेतात. वस्तुतः याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या वा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपातील व्यसनाधीन व्यक्ती सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत. १९८९ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद किती पालकांना ठाऊक आहे? नटनट्यांच्या अटकांचे रकाने भरभरून छापले जातात. ते कलम मात्र कायद्याच्या पुस्तकातच पडून राहते. शासनाने ते प्रत्येक महाविद्यालयाच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावले, तर शंभर छाप्यांनी साधणार नाही ते साधेल.

कोकेनचे व्यसन सोडविणारी खात्रीची गोळी अद्याप नाही. समुपदेशन, वर्तनोपचार आणि चिकाटीची सोबत हीच मुख्य साधने आहेत. त्यांपैकी शेवटचे घरातच मिळते. व्यापाऱ्याला कायद्याने कठोर शासन व्हावे, याविषयी दुमत नाही. परंतु जो त्याच्या जाळ्यात सापडला आहे, त्याच्या खुणा ओळखावयाच्या त्या त्याला पकडून देण्यासाठी नव्हे, तर परत आणण्यासाठी. हा विवेक सुटला, तर घरातील सर्वांचे डोळे उघडे असूनही त्यांना काहीच दिसणार नाही.