नोटीस संकेतस्थळावर, पालक मंचरच्या सायबर कॅफेत

नीटचा निकाल लागला की जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, सगळीकडे एकच प्रश्न : मार्क किती पडले? आमच्या मते खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. शासकीय मेडिकल कॉलेजांतल्या 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी दिल्लीच्या मेडिकल कौन्सिलिंग कमिटीकडे नोंदणी करायची, राज्याच्या 85 टक्के आणि खासगी कॉलेजांच्या जागांसाठी राज्याच्या सीईटी सेलकडे. दोन संकेतस्थळे, दोन वेळापत्रके, आणि दोन्ही मध्येच बदलतात.

घरी पत्र येत नाही. नोटीस पीडीएफ होऊन संकेतस्थळावर पडते आणि ती पाहण्याची जबाबदारी उमेदवाराची, असे मानले जाते. पुण्यात क्लास लावलेल्या मुलाला ती क्लासवालेच दाखवतात. भाजीचा गाळा किंवा गॅरेज सांभाळणाऱ्या अब्बांना कोण दाखवणार? गंमत पाहा. नीटची प्रश्नपत्रिका 2017 पासून मराठीत मिळते. उर्दूसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावे लागले, मग 2018 पासून तीही मिळू लागली. परीक्षा मायबोलीत देता येते, पण प्रवेशाच्या नोटिसा बहुतेक इंग्रजीतच.

याचा फटका कसा बसतो? जागा मिळाली की कॉलेजात मूळ कागद आणि फी घेऊन हजर व्हायचे, तेही मोजक्या दिवसांत. तिथे ‘स्टेटस रिटेन्शन’ नावाचा फॉर्म असतो. तो भरला की मिळालेली जागा पक्की, पण पुढच्या फेरीत याहून चांगले कॉलेज मिळण्याचा रस्ता बंद. नाव वाचून कोणाला हे कळेल? लोक प्रवेशाचाच कागद समजून सही करून मोकळे होतात. सही करण्याआधी काउंटरवर विचारा, न लाजता विचारा.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. फॉर्म सायबर कॅफेत भरला जातो आणि ईमेल कॅफेवाल्याचा टाकला जातो. मग ओटीपी आणि मेसेज त्याच्याकडे, आणि तो जेवायला गेलेला! नंबर घरातलाच द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

कागदांचे तर विचारूच नका. तांबोळी, बागवान, अत्तार अशा ओबीसी यादीतल्या घरांना जातीचा दाखला, पुण्याच्या समितीकडून जात वैधता आणि चालू वर्षाचे नॉन क्रीमी लेयर लागते. दिल्लीच्या कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा. एक कागद कमी पडला की मूल खुल्या गटात. ओबीसीत न बसणाऱ्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला पाहावा. निकालानंतर मंचरच्या प्रांत ऑफिसला धावण्यापेक्षा हे काम बारावीच्या दिवाळीतच उरका.

अधिकृत माहिती नीट पोहोचत नाही, म्हणूनच ‘सीट बुक करा’ म्हणणाऱ्यांचे फावते. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये, दारुस्सलाम एज्युकेशनल ट्रस्टच्याच खटल्यात, सामायिक समुपदेशन सर्वांना लागू केले, अल्पसंख्याक कॉलेजांनाही. कोटा असला तरी दरवाजा तोच. फोनवर कोणी टोकन मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

मुलींच्या फीचेही तसेच. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची शिक्षण फी शासनाने 2024-25 पासून माफ केली आहे, कॅपमधून प्रवेश असेल तर. खासगी कॉलेजही त्यात येते, अभिमत विद्यापीठ नाही. फीचा आकडा ऐकून मुलीला ‘बीएस्सी कर’ म्हणण्याआधी अम्मी-अब्बांनी हे नीट पाहावे.

आमची मागणी साधी आहे. सीईटी सेलने प्रत्येक नोटीस मराठीत काढावी, तारीख बदलली की एसएमएस पाठवावा आणि प्रवेशाच्या दिवसांत जुन्नर व घोडेगावच्या तहसीलमध्ये एक माणूस बसवावा. तोवर जमातींनी एवढे करावे : मेडिकलला शिकणाऱ्या एखाद्या मुलामुलीकडे दोन्ही संकेतस्थळे रोज पाहण्याचे काम सोपवावे आणि जुम्म्याच्या नमाजनंतर तारखांचा कागद मशिदीच्या फलकावर लावावा.