एकदा सेल्फ मारून बघू!

दसऱ्याला आमच्या दारात तीन गाड्यांची पूजा होते. भावाची, माझी आणि बाबांची फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला तसं कोणीच म्हणत नाही. बाबा गेल्यापासून आठ वर्षं ती कव्हरखाली उभी होती. यंदा झेंडूचा हार घालता घालता भाऊ म्हणाला, "दादा, माझ्या बॅटरीवरून केबल लावू, एकदा सेल्फ मारून बघू. आईलाही आवाज ऐकायला मिळेल."

खरं सांगतो, मोह मलाही झाला. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही थांबल्या. तो आवाज आता कानावर पडतच नाही. तरी मी नको म्हणालो. भाऊ रागावला, आई गप्प झाली. सणाचं जेवण मुकाट्यानं उरकलं.

पण माझं मत पक्कं आहे. जुन्या गाडीचा खरा शत्रू गंज नाही, "एकदा बघू" हा आहे! गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ऑईल खाली उतरतं, सिलिंडर कोरडे पडतात, रिंगा चिकटतात. अशा इंजिनाला स्टार्टरनं हिसका दिला तर रिंगा तुटतात किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतं. रबरी नळ्या तडकतात. तिथून पेट्रोल टपकून पेटलं तर गाडीबरोबर घरही जायचं.

म्हणून पुढचे तीन रविवार दिले. एअर फिल्टरमध्ये उंदरानं संसार थाटला होता, तो हलवला. टाकी रिकामी केली, नळ्या बदलल्या, कार्बोरेटर साफ केला. ऑईल आणि रेडिएटरचं पाणी नवं भरलं. प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे ऑईल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच चौथा गिअर टाकून गाडी हातानं हळूच पुढे-मागे ढकलली. इंजिन फिरलं, अडलं नाही! तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग नवी बॅटरी लावली, गाडी न्यूट्रलला आणली, कॉईलची वायर काढली आणि ऑईलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारला. प्लग बसवले ते अगदी शेवटी.

पाडव्याला भाऊ आला. धूर घरात कोंडू नये म्हणून गाडी ढकलत अंगणात आणली, चाकांना विटा लावल्या, आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवला. चौथ्या प्रयत्नाला ती खोकली, पांढरा धूर ओकली आणि चालू झाली. आम्ही दोघं बघतच राहिलो. पायरीवरून आई म्हणाली, "चोक आत ढकल आता. हे लगेच ढकलायचे."

फाटकाबाहेर अजून नेलेली नाही. ब्रेकचं काम बाकी आहे, आणि चालू होणं वेगळं, थांबणं वेगळं.

चूक भावाची नव्हतीच म्हणा. आठ वर्षं नुसतं कव्हर घालून मी समजत होतो, की मी गाडी सांभाळतोय. दर महिन्याला ती पुरती गरम होईपर्यंत फिरवली असती, तर हे तीन रविवार लागलेच नसते.

तुमच्याही दारात अशी एखादी उभी असेल. घाई करू नका, आणि आता आणखी उशीरही नको.