रात्री अडीच वाजता उत्तर देणारा पोट्टा

मागच्या आठवड्यात हिंगणघाटला बहिणीकडे गेलो होतो. चहा हातात यायच्या आधीच तिनं सुरू केलं. "दादा, तूच समजाव आता याले. रातभर कॉम्प्युटरपुढं बसते अन् दिवसा बारा वाजेपर्यंत झोपते. लोक विचारतात, पोट्टा काय करते? मी काय सांगू, गेम खेळते म्हणून?"

भाचा २६ वर्षांचा. बी.एस्सी. झाला, पोलीस भरतीत दोनदा धावला, काही महिने एमआयडीसीत काढले. दीड वर्षापासून एका छोट्या ऑनलाइन गेमचा 'कम्युनिटी मॅनेजर' आहे. कंपनी परदेशातली, सगळी मिळून सात-आठ माणसं. नाव लिहीत नाही, कारण पोराला नोकरी टिकवायची आहे. आणि खरं सांगायचं तर प्रश्न एका कंपनीचा नाहीच.

खोटं कशाला बोलू, मीपण आधी हसलोच. ही काय नोकरी? तर तो म्हणाला, "मामाजी, गेम मी खेळतच नाही आता. वेळच नाही भेटत. तुमी एक रात बसून पाहा."

बसलो. रात्री अकरा ते पहाटे चार.

पाहिलं ते सांगतो. गेम खेळणारे हजारो लोक डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर जमतात. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखंच, पण एका छताखाली वीस-पंचवीस खोल्या. एका खोलीत तक्रारी, एकीत गप्पा, एकीत नव्या खेळाडूंचे प्रश्न. खेळणारे ब्राझीलपासून पोलंडपर्यंत पसरलेले, म्हणून आपली रात्र. त्या दिवशी गेममध्ये नवा बदल आला होता आणि त्यात काहीतरी बिघडलं. लोकांनी महिनोन्महिने खेळून कमावलेल्या वस्तू गायब. प्रोग्राम लिहिणारे तिकडे झोपलेले. इकडे शिव्यांचा पाऊस, आणि त्या सगळ्या खाणार हा एकटा.

भाचा शांतपणे एकेकाला विचारत होता: कोणता मोबाइल, किती वाजता झालं, स्क्रीनशॉट आहे का? साठेक तक्रारी वाचून त्यातून त्यानं तीन खरे बिघाड वेगळे काढले, सोप्या इंग्रजीत लिहून तिकडे पाठवले. मग खेळाडूंसाठी चार ओळींचा माफीनामा. तो त्यानं पाच वेळा खोडून लिहिला. "वस्तू परत भेटतील" असं त्याला लिहिता येत नव्हतं, कारण ते ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. खोटं आश्वासन द्यायचं नाही आणि लोकांना वाऱ्यावरही सोडायचं नाही. मित्रांनो, वीस वर्षं बातमीदारी केली, प्रशासनाची प्रसिद्धिपत्रकं पोत्यानं वाचली. इतकं प्रामाणिक पत्रक क्वचितच पाहिलं.

अडीच वाजता भाचा अचानक गप्प झाला. गप्पांच्या खोलीत कुणीतरी मराठीत लिहिलं होतं, पण इंग्रजी अक्षरांत, की मला आता जगायचं नाही. वाईट शब्द पकडणारं स्वयंचलित यंत्र तिथं लावलेलं आहे. त्याला इंग्रजी शिव्या कळतात, आपली अशी मराठी कळत नाही. भाच्यानं त्या मुलाशी वेगळं बोलणं सुरू केलं. घरी कोण आहे? जेवला का? कुठला तू? मुलगा आपल्याच राज्यातला, दहावीतला. पाऊण तास चाललं. शेवटी मुलानं मोठ्या बहिणीला उठवलं आणि तिनं फोन हातात घेतला. भाच्यानं तिला टेलीमानसचा १४४१६ हा नंबर दिला. (सरकारची मोफत मदतसेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. मराठीतही बोलता येतं. हा नंबर तुम्हीही सेव्ह करून ठेवा.)

नंतर तो गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. मी विचारलं, हे कसं हाताळायचं ते कंपनीनं शिकवलं होतं का? "नाही. मीच शोधून वाचलं." कंपनीला कळवलं का? "रिपोर्ट टाकला. अंगठा आला."

अंगठा म्हणजे तो पिवळा. मोबाइलवरचा.

आपल्याकडे गेम म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यासमोर येतात. एक म्हणजे वाया गेलेला पोरगा, दुसरं म्हणजे रमी. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनातला तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. माणिकराव कोकाटेंनी आपण खेळत नव्हतो असं सांगितलं, तरी खातं बदललंच. पुढच्याच महिन्यात केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या पोरानं बोंडअळीच्या अनुदानाचे पैसे रमीत घालवल्याचं आपण ऐकलं आहे, तिथं या कायद्याला मी तरी विरोध करणार नाही. पण त्याच कायद्याचं नाव 'प्रोत्साहन आणि नियमन' असं आहे, हे आपण विसरतो. पैसे न लावता खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स यांना त्यात प्रोत्साहन आहे. भाच्याचा गेम या दुसऱ्या खात्यातला.

आणि हा धंदा काही फक्त परदेशातला नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स या छोट्या कंपनीनं 'राजी' नावाचा गेम केला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती जमली नाही. तरी नेटानं २०२० मध्ये गेम आणला आणि जगातल्या मोठ्या पुरस्कारात पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवलं. तो एकट्यानं खेळायचा होता. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' मात्र ऑनलाइन, अनेकांनी मिळून खेळायचा. तो १६ ऑक्टोबर २०२४ ला बाजारात आला, त्याआधी एक कोटीहून जास्त लोकांनी नाव नोंदवून ठेवलं होतं. एक कोटी लोक "कधी येणार, कधी येणार" विचारत असतील, तर कुणीतरी उत्तर देत बसावंच लागतं ना?

राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटींचा. दोन लाख रोजगारांची भाषा आहे. चांगलं आहे. माझा प्रश्न एवढाच, की त्या दोन लाखांत हिंगणघाटच्या खोलीत रात्रपाळी करणारा पोट्टा मोजला जाणार का? चित्र काढणारा, प्रोग्राम लिहिणारा हे पटकन दिसतात. गर्दी सांभाळणारा दिसत नाही.

भाच्याकडे नेमणूकपत्र नाही. एक ईमेल आहे. पीएफ नाही, सुटी सांगून घ्यायची, डॉलर कधी पाच तारखेला येतात कधी वीसला. त्याच्या हाताखाली सहा मुलं 'मॉडरेटर' आहेत, त्यांना तर काहीच मिळत नाही. नावापुढे रंगीत बिल्ला मिळतो, बस. त्यातली दोघं अठराच्या आतली. हौसेनं करतात म्हणे. अमेरिकेत एओएल कंपनीनं असंच हजारो हौशी लोकांकडून गप्पांच्या खोल्या सांभाळून घेतल्या होत्या. १९९९ मध्ये ते कोर्टात गेले आणि २०१० मध्ये कंपनीला दीड कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. अकरा वर्षं लागली, पण हौस आणि काम यातला फरक तिथं पैशात मोजला गेला.

हे सगळं मला ओळखीचं वाटलं, कारण तालुक्याचा वार्ताहर म्हणून मी असाच जगलो. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा होता. आमच्यापर्यंत पोचलं ते ओळखपत्र, आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट. आमचाही बिल्लाच होता.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच: सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून आहे आणि तुम्हाला गेम सुचतो. भाऊ, गेल्या हंगामात बहिणीच्या चार एकरांचं बियाणं याच डॉलरमधून आलं. सावकाराकडे जावं लागलं नाही.

आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तर देणं हे काम हलकं आहे असं निदान वर्धेकरांनी तरी म्हणू नये. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आपल्या सेगावला राहायला आले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पत्रं इतकी यायची! तुलना करत नाही, उगाच अंगावर येऊ नका. पण पत्र वाचायला, लावायला, उत्तर लिहायला तिथंही माणसं लागतच होती.

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं. धोरणात या कामाचं नाव घालून नोंद करा. घरबसल्या परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी कराराचा साधा मराठी नमुना कामगार कार्यालयात उपलब्ध करा, पोरांना निदान काय मागायचं ते तरी कळेल. आणि अडीच वाजताच्या त्या प्रसंगासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. आपल्या जिल्ह्यात दोन मेडिकल कॉलेजं आहेत, सेवाग्रामला आणि सावंगीला. मानसोपचार विभाग तिथं आहेत. मनावर घेतलं तर अवघड नाही.

आर्वी, पुलगाव, देवळी, समुद्रपूर, कुठंही कुणी असं काम करत असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. नाव कुठं येणार नाही. पंधरा-वीस जण झाले तर निवेदन घेऊन जाऊ.

पोस्ट टाकायच्या आधी भाच्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मामाजी, त्या वस्तू परत भेटल्या लोकायले, तेपण लिहा. तिसऱ्या दिवशी भेटल्या."