बोल्टचं डोकं आणि माझं

परवाच्या जूनमध्ये वीकेंडला हिवरखेडला मामाकडे गेलो होतो. तेल्हारा तालुक्यातलं, मागे सातपुडा दिसतो ते. प्लॅन एकदम सिंपल. मामीच्या हातचं खायचं, झोपायचं आणि एडिटरचे फोन टाळायचे. शनिवारी सकाळी मामाने ट्रॅक्टरची किल्ली फिरवली आणि... कर्रर्र!

स्टार्टरच्या दोन बोल्टांपैकी एक तुटला होता. किल्ली फिरवली की स्टार्टरचं छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दातांत शिरून अख्खं इंजिन फिरवतं. त्याचा झटका या दोन बोल्टांवर. एक गेला की दुसरा एकटाच मार खातो.

टायमिंग बघा. ७५-१०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. तो झाला होता आणि त्या दिवशी वापसा आला होता. म्हणजे जमीन धड चिखल नाही, धड कोरडी नाही. पुन्हा पाऊस आला की खलास. सोयाबीनच्या बॅगा ओसरीत, गावातले बाकी सगळे ट्रॅक्टर शेतात.

मग मी हीरो झालो. स्टार्टर काढायला दुसरा बोल्ट खोलायचा होता. तो गंजलेला. पान्याला लांब पाइप लावला, दम लावला. टक्! बोल्टचं डोकं माझ्या हातात, बाकी आत.

मामा काहीच बोलला नाही. वऱ्हाडात माणूस शिव्या घालतोय तोवर सगळं ठीक असतं, हे लक्षात ठेवा.

कोकणातल्या एका मित्राच्या घरी मच्छीमारी बोट आहे. त्याला फोन केला. तो हसलाच. खाऱ्या हवेने त्यांच्याकडे हे नेहमीचंच. म्हणाला, ''इझी-आउट घालू नकोस. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साधं ड्रिलही त्याला कापत नाही.'' मी नेमकं तेच आणायला निघालो होतो!

शेवटी मिस्त्री आले. पाइपकडे बघितलं. ''भाऊ, बोल्ट हाय थो, हापशी नाई. एवढा जोर कायले लावला?''

पहिल्या बोल्टचा तुकडा बाहेर डोकावत होता. डिझेल सोडून, पकडीत धरून तो आरामात निघाला. माझा प्रताप मात्र बुडापासून तुटलेला. त्यासाठी वेल्डिंग, आणि लाइट गेलेली. तीन तास! सातपुड्यावर ढग जमत होते, मामा ओसरीत येरझाऱ्या घालत होता.

साडेचारला लाइट आली. मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर काढली. तुकड्यावर वेल्डिंगचा थेंब थेंब चढवला. बाजूच्या बिडाला ते सहज चिकटत नाही, तुटक्या बोल्टला चिकटतं. वर नट ठेवून तोही जोडला. लाल झालेला नट निवू दिला. मग पाव आटा पुढे, पाव आटा मागे. मी मदतीला हात पुढे केला.

''तुमी राहू द्या ना बाप्पा.''

तुकडा बाहेर आला. आटे साफ केले, डोक्यावर ८.८ छापलेले नवे बोल्ट, खाली स्प्रिंग वॉशर. किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडलं. मामाने मागे वळूनही बघितलं नाही, थेट शेतात.

हेडलाइटच्या उजेडात पेरणी रात्री साडेनऊला संपली. पाऊस पहाटे आला.

सकाळी मामा शिव्या घालत उठला. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! पाइप मात्र त्याने कुठेतरी लपवून ठेवलाय.