गोळ्यांचा खर्च वहीत, दवाखान्याचा विम्यावर

मागच्या महिन्यात जुम्याची नमाज आटोपून बाहेर पडत असता आर्वीकडच्या एका बुजुर्ग मणियार चाचांनी मला थांबवले. वय बहात्तर. बांगड्यांचे दुकान आता मुलाकडे आहे, तरी संध्याकाळचा गल्ला अजून स्वतःच मोजतात. खिशातून त्यांनी दोन कागद काढले. एक आरोग्य विम्याच्या हप्त्याची पावती, वर्षाची ३८ हजार रुपयांची. दुसरा मेडिकलवाल्याचा हिशेब, साखर, रक्तदाब आणि गुडघ्याच्या गोळ्या मिळून महिन्याला २,८०० रुपयांचा. म्हणाले, "बेटा, चार वर्षे झाली हप्ता भरतो. अल्लाहची मेहरबानी, दवाखान्यात एक रात्रही झोपलो नाही. पण गोळ्या रोज खातो. त्या गोळ्यांचा एक पैसा तरी विम्याने दिला काय? मग मी घेतले ते काय?"

चाचांनी घेतला होता तो खाटेचा विमा. गोळ्यांचा नव्हे. ही गोष्ट एजंटाने सांगितली नाही आणि चाचांनी विचारली नाही. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, कोठेही जा, साठी ओलांडलेल्या आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंची हीच कथा आहे. नोकरदाराला निवृत्तीनंतर काही ना काही सरकारी आधार असतो. पानटपरीवाला, बागवान, शिंपी, वेल्डिंगवाला यांना पेन्शन नाही. म्हणून हप्त्याचा एकेक रुपया कोठे जातो ते त्यांनी इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

आपल्या देशात मेडिक्लेम १९८६ साली सुरू झाला तो मुळात दवाखान्यात भरती होणाऱ्यांसाठी. आजही बहुतेक पॉलिसींचा सांगाडा तोच आहे. भरती असतानाची औषधे त्यात येतात. भरतीपूर्वीचे साधारण ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस, त्याच आजाराची औषधे येतात. पुढे आयुष्यभर घ्यावयाची गोळी मात्र आपल्या खिशातून. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन बाहेरच्या तपासणीचा व औषधांचा खर्च जोडून देतात. तो घेण्यापूर्वी दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. जादा हप्ता किती, आणि वर्षाला जास्तीत जास्त मिळणार किती? पुष्कळदा दोन्हींत फारसे अंतर नसते.

याला कंपनीची बेइमानी म्हणता येणार नाही. हा साधा व्यापार आहे. दुकानाला आग लागेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून शंभर दुकानदारांच्या थोड्या थोड्या पैशांत एका जळालेल्या दुकानाची भरपाई निघते. पण दुकानाचे भाडे दर महिन्याला जाणारच. भाड्याचा विमा कोणी काढतो काय? काढला तरी कंपनी भाड्याची पूर्ण रक्कम, अधिक आपला खर्च, अधिक नफा, असाच हप्ता लावील. साखरेची गोळी हे भाडे आहे. हृदयविकाराचा झटका ही आग आहे. दोन्ही एकाच पावतीत बसवायला गेलो की फसगत होते.

अमेरिकेत वृद्धांसाठी खास औषधांचा विमा आहे, हे खरे. तेथे शिकलेली मुले घरी फोनवर सांगतात तेव्हा इकडच्या बापाला वाटते, आपल्याकडे का नाही? पण २००६ पासून चाललेल्या त्या योजनेत मोठा भार सरकार उचलते. आणि वेळेवर नाव न नोंदवता आजारी पडल्यावर धावत येणाऱ्याच्या हप्त्यात उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे एक टक्का दंड कायमचा चढतो, म्हणून धडधाकट माणसेही आत येतात. या दोन गोष्टींवाचून नुसत्या गोळ्यांचा विमा उभा राहू शकत नाही. आपल्याकडे तशी योजना नाही. मात्र तेथील वृद्धांची एक सवय उचलण्यासारखी आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीत ते आपल्या गोळ्यांची यादी समोर ठेवून कोणती पॉलिसी ठेवायची, कोणती बदलायची ते ठरवतात. आधी यादी, मग पॉलिसी. आपण नेमके उलटे करतो.

तेव्हा पहिले काम यादीचे. एका कागदावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, ताकद आणि दिवसाला किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. कंपनीचे नाव नको, मूळ नाव. आपण व्यापारी आहोत. एकच माल तीन छापांखाली तीन भावांत कसा विकला जातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. औषधांतही तसेच चालते, फक्त येथे गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. २०१३ च्या औषध किंमत आदेशाप्रमाणे ज्या औषधांवर सरकारी भावबंदी आहे, त्यांच्या दरात किरकोळ दुकानदाराचे १६ टक्के धरलेले असतात. पण जेनेरिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांवर छापील किंमत मोठी आणि दुकानदाराची खरेदी फार कमी असते. "जेनेरिक आहे, दहा टक्के सूट देतो" असे कोणी म्हणाले की खूश होऊन घरी येऊ नये. जनऔषधी केंद्रातला भाव आधी विचारावा. ही केंद्रे २००८ पासून निघाली आहेत आणि नामांकित छापापेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त, असा सरकारचा दावा आहे. साखर आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांत फरक किती पडतो, ते आपली जुनी पावती घेऊन गेलात तर पाच मिनिटांत कळेल.

त्याहूनही स्वस्त वाट आहे, पण तिकडे जायला आपल्याला कमीपणा वाटतो. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, हिंगणघाट व आर्वीची उपजिल्हा रुग्णालये, गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रे, येथे साखर व रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात. कधी साठा संपलेला असतो, रांग असते, हे कबूल. पण महिन्यातून एक सकाळ रांगेत गेली आणि वर्षाचे काही हजार वाचले, तर हा सौदा कोणता व्यापारी नाकारील? एक सावधगिरी मात्र हवी. रक्त पातळ करणारी गोळी, मिरगीची गोळी, थायरॉइडची गोळी यांचा छाप आपल्या मनाने बदलू नये. डॉक्टरांना विचारूनच बदलावा.

आता खाटेकडे वळू. सत्तरी ओलांडलेल्या बंधूंना व भगिनींना बाजारातली महाग पॉलिसी घेण्यापूर्वी एक गोष्ट फुकट मिळते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले. सत्तर पूर्ण झालेला कोणीही, उत्पन्न कितीही असो, आधार कार्डावर ते काढू शकतो. वर्षाला पाच लाखांपर्यंत भरतीचा खर्च, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरून. घरात सत्तरीचे दोघे असतील तर रक्कम दोघांत वाटून जाते. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. दवाखाना योजनेत असला पाहिजे, म्हणून भरतीपूर्वी तेथे बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे किंवा १४५५५ वर फोन करावा. औषधांच्या बाबतीत येथेही तीच मर्यादा आहे. घरी आल्यानंतर १५ दिवसांची औषधे योजनेत, सोळाव्या दिवसाची गोळी आपली.

एवढे झाल्यावर खाजगी पॉलिसी हवीच असेल तर काही नियम गिऱ्हाइकाच्या बाजूचे झाले आहेत. २०२४ साली विमा नियामक प्राधिकरणाने ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी न देण्याची जुनी अट काढून टाकली. जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी प्राधिकरणाला विचारण्याचे बंधन घातले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी गेला. पॉलिसी हातात पडल्यावर ३० दिवसांत न पटल्यास परत करता येते. त्या तीस दिवसांत खोलीभाड्याची मर्यादा आणि बिलातला आपला वाटा, या दोन ओळी मुलाकडून किंवा नातवाकडून वाचून घ्याव्यात. मर्यादेहून महाग खोली घेतली तर डॉक्टरांची फी वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. औषधांचे बिल मात्र तसे कापता येत नाही. ही गोष्ट दावा करताना लक्षात ठेवावी.

आणि साखर आहे हे लपवू नये. "लिहू नका, हप्ता वाढेल" असे सांगणारे एजंट प्रत्येक गावात आहेत. दावा नाकारला जाईल तेव्हा ते फोनही उचलणार नाहीत. मालातला दोष झाकून विकणे आपल्या दीनमध्ये कसे मानले गेले आहे, ते दुकानदाराला ठाऊक आहे. अर्ज भरताना आपणच विकणारे असतो.

कित्येक बंधू म्हणतील, विमाच जायज नाही, मग ही चर्चा कशाला? प्रश्न गंभीर आहे आणि टाळण्यासारखा नाही. १९८५ साली जेद्दा येथे इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला की ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा जायज नाही, परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा जायज आहे. १९७९ साली सुदानमध्ये तकाफुलची पहिली कंपनी निघाली. १९८४ साली मलेशियाने त्यासाठी कायदा केला. भारतीय परिस्थितीबद्दल उलेमांची मते एकसारखी नाहीत. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या मुफ्ती साहेबांना विचारावे. मला खटकते ते वेगळेच आहे. व्याजाच्या भीतीने विमा नको म्हणणारा माणूस ऑपरेशनच्या दिवशी सावकाराच्या ओट्यावर बसून व्याजाने पैसे उचलताना मी पाहिला आहे. विमा नको असेल तर त्याच्या जागी काहीतरी उभे केले पाहिजे.

आणि ते कसे उभे करावे याचा धडा आपल्या जिल्ह्यातच आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. पीक निघाले की घरटी ज्वारी जमा. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी. गावातील बहुतांश घरे आली तरच गाव योजनेत, नाहीतर नुसते आजारीच नाव नोंदवतील, हे त्यांनी ओळखले होते. अचानक आलेल्या आजाराला पूर्ण आधार, आणि आधी ठाऊक असलेल्या खर्चात रुग्णाचाही वाटा, असे सूत्र होते. आग वेगळी, भाडे वेगळे, हे खेड्यातल्या ज्वारीच्या कोठाराने दाखवून दिले. अशअरी कबील्याची हदीस मशिदीत कितीदा ऐकली आहे. अन्न कमी पडले की असेल नसेल ते एका चादरीवर जमा करून सारखे वाटून घ्यायचे.

हिंगणघाटचे पिंजारी, वर्ध्याचे बागवान, आर्वीचे मणियार यांच्या जमातींनी असा मदत फंड काढायला हरकत नाही. ऐपतीप्रमाणे महिन्याचा पैसा, नोंदणी केलेली संस्था, दर वर्षी तपासलेला हिशेब मशिदीच्या फळ्यावर. अमुक आजाराला अमुक रक्कम देऊच, अशी हमी मात्र लिहू नये. तसे केले तर तो विम्याचा धंदा होतो आणि त्याला परवाना लागतो. जकातीचा पैसाही यात मिसळू नये. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, ऐपतवाल्या सभासदाच्या ऑपरेशनला ती लावता येणार नाही. गरीब विधवेच्या गोळ्यांना जरूर लावावी, पण वही वेगळी.

मणियार चाचांचे पुढे काय झाले? यादी केली. डॉक्टरांनी मूळ नावे लिहून दिली. गोळ्यांचे बिल २,८०० वरून ९०० च्या आत आले. वय वंदना कार्डही निघाले. पॉलिसी ठेवायची की सोडायची, यावर घरात वाद चालू आहे. चार वर्षांचे हप्ते आणि संपलेला प्रतीक्षा काळ सोडायला मुलगा तयार नाही, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. चाचांची चिंता वेगळी आहे. चाची चौसष्ट वर्षांच्या आहेत, त्यांना ते कार्ड मिळत नाही आणि पॉलिसीत त्यांचे नाव नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सर्व रहिवाशांना लागू झाली आहे, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो. पण त्यांच्या रेशनकार्डावर चाचींचे नाव वेगळे आणि आधारवर वेगळे छापले आहे. पुढच्या सोमवारी चाचा दोन्ही घेऊन तहसीलला जाणार आहेत.