गामेची बाजू

वाइनची बाटली उघडली की ती ओतायची, असा माझा साधा समज आहे. हल्ली आधी तिच्यावर प्रवचन होतं. परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. मित्र सज्जन आहे, वहिनींच्या हातचं मटण पंचक्रोशीत नावाजलेलं आहे. पण फ्रान्समध्ये लिआँला लेकीकडे राहून आल्यापासून मित्राला नॅचरल वाइन झाली आहे. वहिनींच्या मते यावर औषध नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे की गार झालेलं जेवण मला सोसत नाही. त्यावर अख्खा लेख खर्ची घालून मी समस्त केटरर मंडळींचा रोष ओढवून घेतला होता. तरीही परवा मटण ओट्यावर निवत होतं आणि आम्ही पाहुणे हातात रिकामे ग्लास धरून मॉर्गों या फ्रेंच गावाच्या मातीबद्दल ऐकत होतो. माती ग्रॅनाइटची. वेल म्हातारे. तोडणी हाताने. टाळ्या वाजवाव्यात की भूक लागली म्हणावं, हे कोणालाच सुचेना.

‘‘यात काहीही घातलेलं नाही,’’ मित्र म्हणाला. ‘‘सल्फाइट शून्य! म्हणून सकाळी डोकं दुखत नाही.’’ आणि एवढं बोलून त्याने समोरच्या वाटीतला जर्दाळू उचलून तोंडात टाकला.

जर्दाळू छान नारिंगी, लुसलुशीत होता. आता जर्दाळू आपला आपण उन्हात वाळला तर काळपट तपकिरी होतो. नारिंगी राहतो तो गंधकाची धुरी दिल्यामुळे. युरोपातल्या नियमांनुसार अशा सुक्या जर्दाळूत किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतो. बिनगोडाच्या साध्या लाल वाइनला मर्यादा आहे लिटरमागे 150. मित्राने गंधकाच्या विरोधात बोलता बोलता अर्धी वाटी संपवली. मी काही म्हणालो नाही, कारण मटण त्याच्या घरचं होतं.

‘शून्य’ हेही तितकंसं खरं नाही. रस आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं, ते कोण काढणार? सल्फाइटचा त्रास होतो तो मुख्यतः दम्याच्या काही रुग्णांना. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचा पहिला संशयित अल्कोहोल, आणि तो किती टक्के आहे हे बाटलीवर छापलेलंच असतं. शिवाय सेंद्रिय बागेतही वेलीवर गंधक मारायला परवानगी असते. भुरी येते तेव्हा काय मारायचं, हे मित्राने नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला विचारावं. मोरचूद आणि चुन्याच्या ज्या बोर्डो मिश्रणाच्या नावाने आपला शेतकरी अर्ध्या झोपेतही जागा होतो, त्याचं नाव कुठून आलं हेही तोच सांगेल.

आता माहिती एका दमात सांगून टाकतो. लिआँच्या उत्तरेला बोजोले नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या लाल वाइनचं द्राक्ष एकच, गामे. वाइनचा व्यापारी आणि रसायनाचा अभ्यासक असलेला ज्यूल शोव्हे (1907–1989) हा याच परिसरातला. द्राक्षं निरोगी असली तर बाहेरचं यीस्ट आणि गंधक लागत नाही, असं तो सांगत आणि करून दाखवत आला. मार्सेल लापिएर या मॉर्गोंच्या बागायतदाराने 1980 च्या दशकात त्याचं ऐकलं, आणखी तिघं शेजारी त्याच्या वाटेने गेले आणि आजच्या नॅचरल वाइनचा मोठा भाग तिथून सुरू झाला. पद्धत अशी: घड न चुरडता अख्खे टाकीत घालायचे, टाकीत कार्बन डायऑक्साइड कोंडायचा, मग मण्याच्या आतच आंबायला सुरुवात होते. 2020 पासून फ्रान्समध्ये अशा वाइनसाठी एक मोहोरही आहे. ती हवी तर द्राक्षं सेंद्रिय आणि हाताने तोडलेली लागतात, यीस्ट द्राक्षासोबत आलेलं लागतं आणि सल्फाइट लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत.

प्रवचन बोजोलेच्या उतारांवर रेंगाळत होतं तेव्हा मी टेबलाखाली फोन धरून गामेबद्दल वाचत बसलो, आणि मित्राला सोडून भलत्याच माणसावर चिडलो. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड. या गृहस्थाने 1395 साली फर्मान काढलं की गामे हे वाईट आणि बेइमान रोप आहे, ते उपटून टाका. बेइमान! गुन्हा काय, तर वेल लवकर पिकायची आणि भरपूर पिकायची. प्लेगने गावंच्या गावं ओस पडली होती, शेतात राबायला माणसं उरली नव्हती, तेव्हा कमी कष्टात जास्त रस देणारं द्राक्ष शेतकऱ्याने लावलं यात नवल ते काय? ड्यूकला मात्र आपल्या पिनो न्वार या द्राक्षाच्या नावाची काळजी. शेतकऱ्याने काय पेरावं हे वाड्यात बसून ठरवणारे लोक कुठल्याच शतकात कमी पडलेले नाहीत.

त्याहून संताप आणणारी गोष्ट 1999 साली उघड झाली. डीएनए तपासला तेव्हा कळलं की गामे ही त्याच पिनोची लेक. दुसरं पालक ग्वे ब्लाँ, गावठी म्हणून हिणवलं गेलेलं पांढरं द्राक्ष. या एका जोडीच्या पोटी किमान 16 जाती जन्मल्या आणि त्यात शार्डोनेही आहे! सख्ख्या बहिणी दोघी. एक बड्या घरात पडली, तिचं नाव मुंबईच्या हॉटेलांत लोक उच्चार नीट जमत नसतानाही घेतात. दुसरीला हाकललं, ती दक्षिणेला ग्रॅनाइटच्या डोंगरात जाऊन राहिली आणि तिथे तिने संसार उत्तम केला. बर्गंडीच्या चुनखडीत गामे जेवढी बरी येते, त्याहून ती या ग्रॅनाइटमध्ये कितीतरी चांगली येते, हे जाणकारच सांगतात. ड्यूकचं त्यात काही कर्तृत्व नाही.

विसाव्या शतकात तिचे हाल दुसऱ्यांदा झाले, आणि या वेळी लाडाने. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ‘बोजोले नूव्हो आली हो’ म्हणून जगभर दवंडी पिटायची आणि तोडणीला जेमतेम दोन-अडीच महिने झालेली वाइन घाऊक विकायची. विशिष्ट यीस्ट वापरून काढलेल्या त्या वाइनला पिकल्या केळ्याचा वास यायचा. लोक समजले, गामे म्हणजे केळं. लापिएर मंडळींचं खरं काम मला वाटतं हे आहे. गंधक काढण्याचं कौतुक चाललं आहे, पण त्यांनी या द्राक्षावरचा आळ काढला, आणि ती बाटली माझ्या मित्राकडे उघडी असूनही आम्हाला चाखायला मिळत नव्हती.

अखेर वहिनींनी ताटं वाढली आणि प्रवचन आपोआप थांबलं. वाइन सुरेख होती. चेरीसारखी, हलकी, जराशी मातकट, तिखट रश्श्यापुढे माघार न घेणारी. एकच खोट. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरलाच प्यायची’ म्हणून मित्राने ती दिवसभर कपाटावर ठेवली होती. पुण्यातल्या एप्रिलमधल्या खोलीचं टेंपरेचर फ्रान्सच्या पुस्तकात नसतं. गामे तेरा-चौदा अंशांवर प्यायची असते. तेव्हा तमाम यजमानांना हात जोडून विनंती: बाटली पाहुणे यायच्या बरीच आधी फ्रिजमध्ये ठेवा, आणि जेवण गरम असतानाच वाढा.